लाल म्हणजे एस्टी

सकाळचे पावणेअकरा. सतरंजीवर आठ मुलं अर्धगोलात बसली आहेत. त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेल्या बाईंच्या पुढ्यात स्टीलच्या दोन ताटल्या. एकीत पाण्याच्या बाटलीचं लाल झाकण, दुसरीत निळं. बाईंच्या मांडीवरच्या पिशवीत आणखी वीसेक झाकणं आहेत, सगळी एकाच मापाची. त्यातलं एक लाल झाकण काढून त्या समोरच्या मुलाच्या तळहातावर ठेवतात.

"ठेव बघू. ह्याच्यासारखं कुठं आहे?"

तो झाकण नाकाशी नेऊन हुंगतो. मग उलटं करून आतले आटे बोटाने मोजल्यासारखे करतो. बाई काही बोलत नाहीत. मीही न बोलण्याची ताकीद घेऊन कोपऱ्यात बसलो आहे. बसायला मिळालेली खुर्ची पहिलीच्या मुलाची आहे, गुडघे हनुवटीला लागताहेत. तो एका ताटलीकडे बघतो, दुसरीकडे बघतो, आणि झाकण शर्टाच्या खिशात टाकतो.

"असू दे," बाई म्हणतात आणि पिशवीतून दुसरं लाल झाकण काढतात.

सांगलीतल्या एका विशेष शाळेचा हा वर्ग. मी खरं तर भिंत रंगवायला आलोय. चित्रं काढणं आणि पाट्या रंगवणं हा माझा धंदा. बालवाड्यांच्या भिंती मी डोळे मिटून रंगवतो: लाल सफरचंद, पिवळं केळं, हिरवा पोपट, निळा मासा. तसाच एक आराखडा काढून आणला होता. बाईंनी तो नीट पाहिला, घडी घातली, आणि म्हणाल्या, "रंगवा, पण आधी दोन दिवस बसून बघा." आज दुसरा दिवस.

मुलांची नावं मी इथे देणार नाही. माझ्यापुरती मी त्यांना नावं ठेवली आहेत. झाकण खिशात टाकणारा तो कंडक्टर. त्याच्या खिशात एस्टीची जुनी तिकिटं असतात, ऊन लागून छपाई उडालेली, नुसत्या पांढऱ्या चिठ्ठ्या झालेली. मागितलंत तर तो एक फाडून देतो आणि सुटे मागतो. वय नऊ. त्याच्या शेजारी दोनवेण्या, वय दहा. मग दप्तर, जो दिवसभर पाठीवरचं दप्तर उतरवत नाही. खिडकीशी पैलवान, तेरा वर्षांचा, वर्गात सगळ्यांत थोराड. बाकीचे चौघं आज मातीकामाच्या बाईंची वाट बघताहेत, त्यांचं लक्ष दाराकडे आहे.

बाहेरच्या पाटीवर अजून 'मतिमंद' हा शब्द आहे. २०१६च्या कायद्यानं तो मोडीत काढला, पाटी रंगवायला मात्र कुणाला सवड झालेली नाही. (ते कामही मीच करणार आहे, फुकट.) ही मुलं 'सौम्य' गटातली, म्हणजे बुद्ध्यंक साधारण ५० ते ६९. बौद्धिक अक्षमता असलेल्यांत सर्वांत मोठा गट याच मुलांचा असतो. चेहऱ्यावरून काही कळत नाही. बोलतात, भांडतात, मोबाइलवर हवं ते गाणं शोधून लावतात. म्हणून तर त्यातली बरीच दुसरी-तिसरीपर्यंत साध्या शाळेच्या मागच्या बाकावर दिवस काढतात आणि तोवर 'लक्ष देत नाही' एवढाच शेरा घेत राहतात. कंडक्टरही तसाच इकडे आला.

"आता हे बघ." बाई त्याचा हात हातात घेतात, मनगटापाशी अलगद, आणि झाकणासकट लाल ताटलीपर्यंत नेतात. "लालवर लाल." झाकण झाकणावर टकटकतं. पुढचं झाकण. या वेळी हात मनगटापाशी नाही, कोपरापाशी. त्याच्या पुढच्याला बाईंचं फक्त एक बोट त्याच्या कोपराला टेकलंय. चौथ्याला तेही नाही. तो ठेवतो. बरोबर.

माझ्या तोंडून "वा!" निघून जातं. बाई माझ्याकडे बघतात. मी तोंडावर हात ठेवतो.

त्यांच्याजवळ चौकटींची एक वही आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं अशा मुलांसाठी एक तपासणीसूची केलेली आहे, तिच्यातल्या खुणा या वहीत आहेत. स्वतः केलं तर अधिकाचं चिन्ह. इशारा द्यावा लागला तर सी. तोंडी सांगावं लागलं तर व्हीपी. हात धरून करून घेतलं तर पीपी. कंडक्टरच्या रांगेत जूनपासून पीपी, पीपी, पीपी, मग मधेच एक व्हीपी, पुन्हा पीपी. आता नोव्हेंबर चालू आहे. बाई आज एक अधिक लिहितात आणि त्याच्याभोवती पेन्सिलीनं फिकट गोल काढतात.

"गोल कशाला?"

"खात्री नाही म्हणून. दोन ताटल्या आहेत. डोळे झाकून ठेवलं तरी निम्म्या वेळा बरोबरच येणार."

माझ्या सफरचंदाचं काय चुकलं, ते काल सकाळीच कळलं होतं. या शाळेत पूर्वी तसाच तक्ता होता. दप्तरानं तो दोन महिन्यांत पाठ केला. सफरचंदावर बोट ठेवलं की "लाल", केळ्यावर ठेवलं की "पिवळा". बाई खूश, आईवडील खूश. मग कुणीतरी डब्यात हिरवं सफरचंद आणलं. दप्तर ठामपणे म्हणाला, "लाल." त्याच्या लेखी लाल हे त्या फळाचंच दुसरं नाव होतं. तेव्हापासून तक्ता भिंतीकडे तोंड करून उभा आहे आणि झाकणं आली. आकार तोच, माप तेच, वजन तेच, वासही तोच. बदलतो तो फक्त रंग. मुलाला दुसरं काही धरायला जागाच ठेवायची नाही. सुरुवातीला लाल आणि निळा अशी लांबलांबची जोडी घ्यायची. लालशेजारी नारिंगी आणून ठेवायचा नाही.

मी पंचवीस वर्षं रंगात हात घालून आहे. शेंदरी, कुंकवी, डाळिंबी, गेरू, विटकरी हे सगळे लाल मला अंधारात वासावरून ओळखता येतील अशी माझी घमेंड. पण रंग वस्तूपासून सोलून वेगळा करून कुणाला द्यायचा असतो, हे काम माझ्यावर कधी आलंच नव्हतं. खुर्ची हातात देता येते. लाल कसा देणार?

"बाई, मी घेऊ का याचा पाठ?" मी विचारतो. त्या उठून पाणी प्यायला जातात, म्हणजे परवानगी.

मी सतरंजीवर बसतो. ताटल्यांची अदलाबदल करत राहायचं, हे मी पाहिलेलं आहे, नाहीतर मूल उजव्या बाजूची सवय लावून घेतं. कंडक्टर मला आधी एक तिकीट देतो. मग मी त्याच्या हातात लाल झाकण ठेवतो. तो माझ्याकडे बघतो, झाकण लाल ताटलीत टाकतो. बरोबर! ताटल्या बदलतो. निळं. बरोबर. पुन्हा लाल. बरोबर. सहापैकी सहा. मी दाराकडे बघतो, बाई तिथेच उभ्या आहेत, ग्लास हातात, आणि हसू दाबताहेत.

"दादा, आता डोळे मिटून घ्या आणि परत करा."

मी डोळे मिटतो. टक्. उघडतो. चूक. पुन्हा मिटतो. टक्. चूक. तिसऱ्यांदा बरोबर, चौथ्यांदा चूक.

"तो रंग बघत नव्हता," बाई म्हणतात. "तुमची नजर जिकडे जात होती तिकडे टाकत होता. हुशार आहे तो. मला पहिल्या वर्षी चार महिने फसवलं असंच एका मुलीनं."

मी पुन्हा खुर्चीत. बाई जेव्हा झाकण देतात तेव्हा त्या नेमक्या कुठे बघतात, हे मी आता पहिल्यांदा बघतो. त्या मुलाच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीकडे बघतात. दर वेळी.

त्याच गुंडीकडे बघत त्या पुढचा टप्पा करून पाहतात. जोडी लावणं झालं, की मागायचं, आणि ते झालं की विचारायचं. "हा लाल." "लाल दे." "हा कोणता?" तीन वाक्यांची ही शिडी १९व्या शतकातल्या एदुआर सेगँ या फ्रेंच वैद्याची. पॅरिसमध्ये अशाच मुलांना शिकवताना त्यानं तिचा पाया घातला. मारिया मॉन्टेसरीनं सेगँची पुस्तकं स्वतःच्या हातानं उतरून काढली, आधी अशाच मुलांवर ती पद्धत वापरली, आणि मग १९०७ साली रोममध्ये साध्या मुलांची शाळा काढली. तिच्या रंगपट्ट्यांच्या पहिल्या पेटीत फक्त तीन जोड्या असतात: लाल, पिवळा, निळा. १९३९मध्ये ती मद्रासला आली, पुढे आपल्याकडे तिच्या नावाच्या शाळा गल्लोगल्ली झाल्या, आणि त्यातल्या काहींची आजची फी ऐकून घाम फुटतो. ही सगळी मिळकत मूळची ज्या मुलांची, त्यांच्या वर्गात मात्र झाकणं, तीही बाईंनी लग्नाच्या हॉलमागून वेचून आणलेली.

"हा कोणता?" लाल झाकण उचलून बाई विचारतात.

कंडक्टर लगेच उत्तर देतो. "एस्टी."

"हा कोणता?" दुसरं लाल झाकण.

"एस्टी."

निळं झाकण. तो गप्प. खिशातलं तिकीट काढून बघतो, आत ठेवतो.

दप्तर खो-खो हसतो. मलाही हसू येतं, पण अर्ध्यातच थांबतं. कारण मी रंगारी आहे, आणि आमच्या डब्यांवरची मराठी नावं मला पाठ आहेत. जांभळा कुठून आला? जांभळातून. नारिंगी, डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, अबोली, राखाडी, गुलाबी. आपल्या भाषेनं निम्मे रंग असेच वस्तूंवरून उचललेत. आमसूल बघून कुणीतरी साडीला आमसुली म्हटलं. या पोरानं लालपरी बघून लालला एस्टी म्हटलं, तर त्यानं वेगळं काय केलं? मी हे बाईंना हळूच सांगतो, जरा ऐटीतच.

बाई झाकणं गोळा करता करता ऐकून घेतात.

"खरंय. पण तुम्ही वांग्यालासुद्धा जांभळं म्हणता ना? जांभूळ तिथं नसताना? हा ज्या दिवशी टोमॅटोला एस्टी म्हणेल, त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटीन. झाकणाला म्हणतोय ते मी शिकवलंय म्हणून. ते धरू नका."

मातीकामाच्या बाई येतात, चौघं उठून पळतात. वर्ग एकदम मोकळा होतो. आता दोनवेण्यांची पाळी.

ती बरीच पुढे आहे. जुळवते, मागितलेलं देते. पिवळ्या झाकणाला "पिवळा" म्हणते. पण बाई पिवळी पिशवी उचलतात आणि "ही कोणत्या रंगाची?" विचारतात, तेव्हा ती गोंधळते. गंमत अशी, की बोलताना तिचं व्याकरण कधी चुकत नाही. "आईची पिवळी साडी", "पिवळं फूल", सगळं घरून आलेलं, अचूक. पण साडीची पिवळी आणि झाकणावर शिकलेला पिवळा हे एकच, हे तिला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. आपल्याला कधी जाणवत नाही, पण मराठीत एक पिवळा शिकायचा म्हणजे पिवळा, पिवळी, पिवळं, पिवळे, पिवळ्या असे पाच शिकायचे. हिरव्याचं तेच, निळ्याचं तेच, काळ्या-पांढऱ्याचं तेच. नेहमीच्या रंगांत लाल तेवढा बिचारा कुठेही गेला तरी लालच राहतो: लाल चेंडू, लाल पिशवी, लाल फूल. बाई लालपासून सुरू करतात त्याचं हेही एक कारण. पुस्तकात ते कुठे वाचलेलं नाही, मुलांनी शिकवलं, असं त्या सांगतात.

त्यावर त्यांनी काढलेली युक्ती साधी आहे. 'रंग' शब्द पुढे आणायचा. पिशवी धरायची आणि म्हणायचं, "पिशवी. रंग पिवळा." फूल धरायचं, "फूल. रंग पिवळा." एकच रूप पक्कं होईपर्यंत घोळवायचं, मग हळूहळू मोकळं सोडायचं.

"पिशवी. रंग?" बाई.

"पिवळा."

"मग ही कशी पिशवी?"

दोनवेण्या पिशवीकडे बघते. ओठ हलतात, आवाज नाही. मग एकदम, जणू कुणीतरी चिमटा काढला, "पिवळी! पिवळी पिशवी पिवळा!" आणि ती दोन्ही वेण्या पकडून स्वतःच हसत सुटते. वहीत अधिक. या अधिकाला गोल नाही.

मधली सुट्टी. डबे उघडतात. बाई आपला डबा घेऊन मुलांच्यातच बसतात, आणि धडा चालूच राहतो, फक्त त्याचं तोंड बदलतं. "माझी चटणी हिरवी, तुझी?" पैलवानाच्या डब्यात आज नुसती चपाती आणि गूळ. तो सांगतो, परवा रविवार होता, घरी रस्सा होता. "कोणता?" "दोन्ही." "दोन्ही म्हणजे?" "तांबडा आणि पांढरा!" असं म्हणून तो मिटक्या मारतो. ज्या मुलाला पांढरं आणि लाल झाकण अजून पन्नासदा चुकतं, त्याच्या जिभेला हे दोन रंग चोख माहीत आहेत. बाई जेवता जेवता पदरानं बोट पुसून वहीत काहीतरी टिपतात. उद्या झाकणांऐवजी दोन वाट्या येतील, अशी माझी अटकळ.

मी विचारतो ते मघापासून ओठावर आहे. "पण कंडक्टरला रंग दिसतो ना नक्की?" लाल-हिरव्याचं रंगांधळेपण मुलग्यांत बरंच जास्त आढळतं, कारण त्या जनुकांची जागा एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्यांत ते एकच असतं. बाई म्हणतात, तपासून झालंय. ठिपक्याठिपक्यांत आकडे लपवलेलं ते जपानी डॉक्टर इशिहारांचं पुस्तक असतं ना, त्यात आकडे न येणाऱ्यांसाठी नागमोडी वाटांची पानं असतात. वाटेवरून बोट फिरवायचं. त्यानं फिरवलं, अगदी रस्ता सोडला नाही. "एस्टीचा रस्ता आहे म्हटलं मी त्याला."

साडेतीनला त्याला न्यायला आजोबा येतात. तासगावच्या बाजूचं गाव, रोज एस्टीनं ये-जा. टोपी काढून ते दारातच उभे राहतात.

"काय म्हणतंय आमचं पोरगं?"

"लालवर आलोय आजोबा. घरी पण जरा विचारत जा. लाल चादर, लाल मिरची."

आजोबा टोपी झटकतात. "लाल न्हाई म्हणत बाई आमच्यात. तांबडं म्हणतो आमी. त्याची आजी तर लाल म्हणायचीच न्हाई कधी."

बाई क्षणभर बघतच राहतात. जूनपासून त्या एक शब्द शिकवत आहेत, आणि पोराच्या घरात तो शब्दच नाही. खाली बसून त्या वही उघडतात, वरच्या 'लाल' या शब्दाशेजारी तिरकी रेघ मारून 'तांबडा' लिहितात. मग स्वतःशीच पुटपुटतात, "आता हा पण बदलणार. तांबडा, तांबडी, तांबडं." आजोबांना त्या एवढंच विचारतात, की एस्टीला काय म्हणता.

"एस्टीला? एस्टीच म्हणतो."

"त्याला शेतात नेता का?"

"नेतो की. मिरच्या तोडाय नेला हुता. हिरव्या तोड म्हटलं तर पिकल्या पण हाणल्या बादलीत." ते हसतात, पण सांगताना आवाज खाली येतो. "तेवढं जमलं तर पुढं पोटाला धरंल त्यो."

बाई मान हलवतात. वहीत शेवटच्या रकान्यात 'मिरच्या' लिहितात.

"आणि भिंतीचं काय करायचं?" निघताना मी विचारतो.

"भिंत तशीच असू दे. मला दोन फळ्या रंगवून द्या. एक लाल, एक निळी. बाकी काडीचा फरक नको, खिळे पण सारखे."

मी आजोबा-नातवाबरोबर थांब्यापर्यंत चालत निघतो. कंडक्टरची एक मूठ आजोबांच्या हातात, दुसरी घट्ट मिटलेली. सकाळचं झाकण आहे त्यात. बाईंनी पाहिलं होतं, मागितलं नाही.

गर्दी आहे. नेहमीची गाडी येत नाही. वीस मिनिटांनी तिच्याऐवजी बदली गाडी येते, हिरवी-पांढरी हिरकणी, साध्या फेरीवर घातलेली. लोक झोंबतात. आजोबा पायरीशी पोचतात, पण हातातला हात मागे ओढला जातो.

"आरं चल."

"न्हाई."

"का?"

"एस्टी न्हाई."

"एस्टीच हाय की ही! चल, जागा जाईल."

"एस्टी न्हाई!" आता तो रडकुंडीला आलाय. मागची माणसं ओरडताहेत. खरा कंडक्टर दारातून डोकावून "काका, चढा नाहीतर बाजूला व्हा" म्हणतो. आजोबा माझ्याकडे बघतात. मला काय करावं कळत नाही. मी फक्त जमिनीकडे बघतो, दुसऱ्या गुंडीपर्यंतसुद्धा माझी नजर वर जात नाही.

मुलगा हात सोडवून घेतो आणि गाडीच्या मागच्या बाजूला चालू लागतो. आजोबा मागोमाग. मीही. तो गाडीच्या पाठीकडे खालून वर बघतो. मूठ उघडतो. मागे एका रांगेत दोन गोल दिवे आहेत, धुळीनं माखलेले, एक लाल आणि त्याला लागून इंडिकेटरचा पिवळा. मापानं अगदी सारखे. तो टाचा उंचावतो, झाकण लाल दिव्यावर टेकवतो, आणि तसाच धरून ठेवतो.

"एस्टी," तो म्हणतो.

मग आजोबांचा हात धरून, धक्के खात, गाडीत चढतो. घंटी दोनदा वाजते. पिवळा दिवा लुकलुकत गाडी रस्त्याला लागते. लाल दिव्यावरच्या धुळीत झाकणाएवढं गोल पुसलं गेलंय. खिशातला फोन काढून मी बाईंचा नंबर शोधतो, आणि आठवतं: दिवे दोनच होते.